गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे

प्रिय डार्सी,

एकाच घरात राहणाऱ्या मुलाला आईने पत्र लिहावं, हे जरा चमत्कारिकच आहे. पण तोंडाने सांगायला गेले की तू माझ्या पायांवर पांघरूण सारखं करतोस आणि विचारतोस, "कॉफी आणू का?" झालं, माझं बोलणं तिथेच संपतं. आज तू आणि रेलीन वासरांच्या लिलावाला गेला आहात, संध्याकाळशिवाय परतणार नाही. तेव्हा म्हटलं, एकदाचं मन मोकळं करून टाकावं. निदान कागद तरी मला मध्येच अडवणार नाही.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा फोटो दाखवला तो दिवस आठवतो ना? दोन्हीकडची गादी झिजलीय, नव्या गुडघ्यांसाठी नाव लावू, पण रांग लांब आहे, म्हणाले. परत येताना गाडीत तू म्हणालास, "आई, बेअरिंग गेलं की मशीन चालवायचं नसतं. पार्ट येईपर्यंत शेडमध्ये उभं करायचं." आणि खरं सांगू? मलाही पटलं! आपल्या घरात कुणालाही पटलं असतं. तुझ्या बाबांनी एकदा कापणी-मळणीचं कम्बाइन उसनं दिलं होतं, तर शेजाऱ्याने बेअरिंग किंचाळत असतानाही ते तसंच दामटलं. बाबा अख्खा हिवाळा त्याच्याशी बोलले नाहीत.

मग तू मला उभं केलंस, म्हणजे बसवलंस. बटण दाबलं की माणसाला अलगद उभं करणारी खुर्ची आणलीस. माझा पलंग जेवणाच्या खोलीत आला. गाडीची किल्ली तुझ्या खिशात गेली. बटाटे सोलायला मागितले तर रेलीन म्हणते, "बसा हो आई, तुम्ही कशाला?" बिचारी मनापासून म्हणते. पण अरे, दिवसभर करू काय मी? खिडकीतून धान्याच्या कोठ्या दिसतात, त्यांच्यामागे बर्फाने पांढरं झालेलं शेत, आणि त्याच्यामागेही पांढरंच. कधी कधी इतकी घुसमट होते की मोठ्याने ओरडावंसं वाटतं. ओरडले तर तू धावत गोळी घेऊन येशील, म्हणून ओरडत नाही.

गावातली ती व्यायाम शिकवणारी नदीन, तिने माझी मांडी टेपने मोजली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, "व्हर्ना, गुडघा खराब आहेच, पण तुला खुर्चीत डांबलंय ते या वाळलेल्या मांडीने. सांधा हलला तरच त्याला वंगण मिळतं. थोडं दुखलं तर दुखू दे. दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर ठीक चाललंय समज. नाही शमलं, तर जरा कमी चाल. पण बसून राहू नकोस. अशीच बसलीस तर नवा गुडघा घालूनही उठता येणार नाही." मी हे सगळं तुला सांगितलं. तू म्हणालास, "तिला काय जातंय सांगायला? पडलीस म्हणजे?"

कळतं रे मला. बाबा कोठीपाशी बर्फावर पडले, खुबा मोडला आणि परत घरी आलेच नाहीत. त्यांना उचलणारा तूच होतास. माझा पाय जरा अडखळला की तुझा चेहरा पांढराफटक पडतो, तो मी बघते. म्हणूनच इतके महिने गप्प राहिले.

पण गावजेवणाच्या दिवशी मात्र तू कमाल केलीस. मी कठडा धरून हॉलची पहिली पायरी चढले होते. दुखत होतं, पण चढले होते. तेवढ्यात तू मला उचललंस आणि टर्कीच्या ताटांमधून थेट टेबलापर्यंत नेलंस. सगळे म्हणाले, काय गुणी मुलगा! इर्मा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, माझ्या कानात म्हणाली, "नवरीसारखी आलीस की गं!" मी हसले, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी संडासात मला उठताच येईना. रेलीनला हाक मारावी लागली. तोवर ती वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशी मी खरी घाबरले, डार्सी.

तेव्हापासून माझे चोरधंदे सुरू झाले. तुम्ही गुरांना चारा घालायला गेलात की मी काठीच्या मुठीने खुर्चीची विजेची पिन भिंतीतून उपसायची. मग बटण नाही, काही नाही, आपल्या बळावर उठायचं. सुरुवातीला नुसतं बूड हलायचं! हळूहळू उठू लागले. ओटा धरून स्वयंपाकघरात फेऱ्या मारू लागले. पहिली काही पावलं जीव घेतात, मग पाय जरा मोकळे होतात. आणि तू काय केलंस? "ही पिन सारखी कशी निघते?" म्हणत ती काळ्या चिकटपट्टीने भिंतीला गच्च बांधून टाकलीस. हसावं की रडावं, मला कळेना.

काल तू रेलीनला हळूच सांगत होतास, "समोरच्या पायऱ्यांवरचा बर्फ राहू दे. साफ केला की आई बाहेर पडेल." राजा, माझे कान अजून शाबूत आहेत. तू खोलीबाहेर गेलास आणि मी इर्माला फोन लावला.

ती आता फावडं घेऊन येईल. तिचे दोन्ही गुडघे नवे आहेत आणि जीभ जुनीच आहे. गावात ती राहते त्या वृद्धांच्या इमारतीत तळमजल्यावर तिच्या मदतीने मी एक खोली घेतलीय. तिथे लांबलचक बोळ आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत, नदीन तिथे येते, आणि हिवाळाभर सगळ्या म्हाताऱ्या बोळात फेऱ्या मारतात. आईला तिथे कधी पाठवणार नाही असा शब्द तू बाबांना दिला होतास, माहीत आहे मला. तो तू मोडला नाहीस. पण तो शब्द देताना-घेताना मला कुणी विचारलं होतं का? मला परत न्यायला येऊ नकोस, एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. ऑपरेशनची तारीख आली की मात्र तूच ने, दुसरं कुणी नको. रविवारी जेवायला ये, रेलीनलाही आण. तुझ्यावर मी रागावलेले नाही, फार जीव आहे माझा तुझ्यावर. आणि गावात कुणी विचारलं, "काय रे, आईला तिथे टाकलंस?" तर मान खाली घालू नकोस. ताठ सांग, ती स्वतःच्या पायांनी चालत गेली.

तुझीच,
आई