लेकीच्या दारची गुळणी

२ जुलै १९५७, मंगळवार

शेजारचा आश्रुबा सोनपेठच्या बाजारातून आला. तिथं आमचा जावई चंद्रभान भेटला म्हणं. निरोप दिला — इकडं त्या नव्या तापाची साथ हाय, सध्या कुणी येऊ नका.

साथ कुठं न्हाई? आमच्या पिंगळीतबी घरोघरी खोकायलेत. मंग आमीच येऊ नये ते कामून?

वर आश्रुबा म्हणतो, त्यांच्या अंगणात कासार बसला व्हता. हिरव्या बांगड्या घेऊन. साथीत बांगड्या कुणाला?

३ जुलै

समजलं. बांगड्या नव्या नवरीच्या. लेकीवर सवत आणायलेत.

कस्तुराच्या लग्नाला आठ वरसं झाली. दोनदा दिवस गेले, दोन्ही डाव पोटातच गेलं. आता दुसरी करायला सरकारची बंदी हाय म्हणं. सरकार काय त्यांच्या माजघरात बसलंय?

बायनाबाईला बोललो. ती म्हणली, तुमाला दुधातबी माशी दिसती. एवढं आयुष्य माझ्यासंगं काढलं, अजून जीभ तशीच. जाऊ नका म्हणली. म्हणजे जायलाच पायजे.

४ जुलै

उद्या पयल्या गाडीनं सोनपेठ. भाकरी अन् पाणी घरचं. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी आमाला चालत न्हाई.

६ जुलै, शनिवार

आलो माघारी. लिवून ठिवतो, कुणाला सांगता येत न्हाई.

परभणीच्या मोटार अड्ड्यावर नवाच तमाशा. एक कंपाउंडर बादलीत लाल पाणी घेऊन बसलेला. गुळणी करा, मंग मोटारीत चढा! फेटेवाले, टोपीवाले समदे वर तोंड करून गुडगुड करायलेत. मी इचारलं, काय हाय ह्याच्यात? म्हणला, बाबा, विहिरीत टाकतेत तेच औषध. फुकट दिलं की मला शक येतो. मी मागल्या बाजूनं चढलो.

शेजारी मानवतचा कापसाचा दलाल. त्यानं दोनदा गुळणी केली अन् सोनपेठपस्तोर माझ्या खांद्यावर खोकत आला. हा गुण औषधाचा!

दारातच विहीणबाई, धुरपताबाई. हातात गरम पाण्याचा तांब्या. रामराम न्हाई, काय न्हाई.

"पाव्हणं, मिठाचं पाणी हाय. आदी गुळणी करा, मंग उंबरा वलांडा."

मी म्हणलं, लेकीच्या घरचं मीठ-पाणी तोंडात घेत न्हाई.

"गिळा कोण म्हणतंय? थुका की."

तोंडात गेलं म्हणजे गेलं! अन् हिला हे ठाऊक न्हाई व्हय? मला दारातूनच माघारी लावायचा कावा. तिला बाजूला सारून आत गेलो.

कस्तुरा आतल्या खोलीत बाजेवर. अंगावर गोधडी. तोंडाला पदर लावला अन् म्हणली, "अप्पा, जवळ येऊ नका. आदी गुळणी करा."

माझी लेक! शिकवून ठिवलेली. मी तसाच बाजेवर बसलो. तिचं तोंड हातात धरलं. गाल बसलेत. म्हणलं, खरं सांग, सवत आणायलेत का तुला?

तर ती हसायलीच. पदर बाजूला झाला. मंग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणली, "पाचवा लागलाय, अप्पा. बांगड्या मीच भरल्या. मागल्या डावाला बोभाटा झाला अन् गेलं, म्हणून आत्याबाईनं कुणाला कळू दिलं न्हाई. डाक्टर म्हणलाय, ह्या तापापासून लय जपा."

तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसलो. लय येळ बसलो.

बाहेर आलो. विहीणबाई तांब्या घेऊन तिथंच उभी. म्हणलं, द्या इकडं.

"आता कुणासाठी?" म्हणली.

तरी केली. पाणी निवलं व्हतं. लेकीच्या घरचं पयलं पाणी, तेबी थुकायचं!

रात तिथल्याच मारुतीच्या देवळात काढली, सकाळी घर गाठलं. बायनाबाईला सांगितलं तर ती तुळशीम्होरं बसून रडली. खुशीनं.

७ जुलै

अंग दुखायलंय. मोटारीचे धक्के. दुसरं काय न्हाई.

८ जुलै

ताप. बायनाबाईनं काढा दिला. लय गडबड करती.

९ जुलै

चंद्रभान आला. अंगणातच उभा. कस्तुराला कालपासून ताप हाय म्हणला, सासूबाईला घेऊन जायला आलो.

बायनाबाई लुगडी बांधायलीय. बांधता बांधता थांबली. मला इचारती, तुमी तिच्यापासून लांबच बसला व्हता ना?