दोन टिंबांची खूण

नांदेड,
रविवार, दुपार

प्रिय विनू,

जय भीम. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हाव अक्का, बोल की" म्हणतोस आणि मी जेवलास का, छोट्या लुंबिनीचा खोकला गेला का, एवढं विचारून थांबते. गेले अकरा दिवस हेच चाललंय. म्हणून आज कागद घेतला.

दिवाळीत तुला नदीकाठचा नवा रस्ता दाखवला होता, आठवतं? त्याची आखणी माझी. तो इतका सरळ, गुळगुळीत झाला होता की घरी येताना मी मुद्दाम वळसा घालून त्यावरून यायचे. पुढं दर रविवारी संध्याकाळी पोरं त्यावर गाड्या आडव्या लावू लागली. ऑटो, सिटी बस, सगळे दोन्ही बाजूंना अडकून पडायचे. मधल्या मोकळ्या जागेत एका चाकावर गाडी पळवायची, सायलेन्सरमधून फटाके फोडायचे, कडेला उभ्या असलेल्यांनी मोबाइलवर चित्रण करायचं. शेवटी पालिका आणि वाहतूक पोलीस यांनी मिळून हे काम हाती घेतलं. गतिरोधक, खांब, कॅमेऱ्यांच्या जागा माझ्याकडे आल्या. माझा रस्ता मीच दर दीडशे मीटरवर उंचसखल केला. आमचा रोलरवाला संगप्पा म्हणाला, "मॅडम, आधी इस्त्री करायला लावलात, आता चुण्या पाडून राहिलात!" सगळे हसले, मीही हसले.

पण काम सुरू व्हायच्या आदल्याच रविवारी एक गाडी घसरली ती थेट सरजाबाईच्या शेगडीवर. ती तिथं कणसं भाजते. साठीची आहे, तोंडानं फटकळ. मी रोज थांबते म्हणून मला ओळखते. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाली, "बाई, आवाज लई मोठा व्हता. चारी अंगानं आल्यावानी. कुणीकडं पळावं तेच कळंना." मग विचारलं, "माझी शेगडी कुणी उचलून ठिवली का न्हाई?" शेगडी मी घरी आणून ठेवली आहे. एका बाजूनं चेपली आहे, पायही निखळलाय.

ती पाहिली की औशातलं आपलं वेल्डिंगचं दुकान आठवतं. लोक बाबांना म्हणायचे, "पंढरीमामा, तेवढा कुळव जोडून द्या," आणि बाबा लगेच रॉड उचलायचे. मी चेहऱ्यापुढं काळी काच धरून बघायचे. तू खालून "मला दे, मला दे" म्हणत माझा फ्रॉक ओढायचास. जोड पुरा झाला की बाबा शेवटी दोन टिंबं द्यायचे. एक मायाचं, एक विनूचं, असं म्हणायचे. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? तर बाबा म्हणायचे, "आपली खूण हाय. तुटलं तं दुसऱ्याच्या दारात नगं, माझ्याकडंच आलं पाह्यजे." मी इंजिनिअर झाले, तू दुकानाचं गॅरेज केलंस. टिंबं तू सोडली नाहीस. बाबा गेल्यावर मला त्याचं किती बरं वाटायचं ते तुला कधी सांगितलं नाही.

आता ते अकरा दिवसांपूर्वीचं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडले होते, सगळ्यांसमोर त्यावर रोलर फिरवायचा होता. सरजाबाईला धडकलेल्या गाडीचा सायलेन्सर तिसरा होता. गाडी जुनी घेतली, हे कुणी बसवलं माहीत नाही, असं ते पोरगं सांगत होतं. मी सहज वाकले. आवाज वाढावा म्हणून आतली जाळी काढून नळी परत जोडलेली होती. जोड सुबक होता. आणि शेवटी दोन टिंबं.

चोरून करायच्या कामावरसुद्धा तू खूण केलीस, विनू. हे तुझ्याशिवाय कुणी केलं नसतं. मला त्या क्षणी हसू आलं की रडू, खरंच सांगता येत नाही.

वाहतुकीचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी वेल्डिंगचा धंदा होता म्हणे. यातलं काम कुणाचं ते कळतं का?" मी म्हटलं, "सगळे सारखेच असतात." मग तो तिसरा मी पायानं रोलरच्या चाकापुढं सरकवला आणि संगप्पाला सांगितलं, याच्यावरून परत एकदा घे. तो म्हणाला, "एवढा राग, मॅडम?" त्या दिवशी कामाच्या डायरीत मी एकच ओळ लिहिली : सायलेन्सर नष्ट केले. वीस वर्षांच्या डायऱ्यांत खोटी म्हणावी अशी ओळ ही पहिलीच. वाक्य खरं आहे, तरी खोटं आहे. तुला वाचवायला केलं की माझं नाव राखायला, हे मी रोज स्वतःला विचारते. उत्तर रोज बदलतं.

तुला पैशाची ओढ होती, की पोरांनी "विनूभैया" म्हणून गळ घातली, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, हीही चूकच. त्यातलं एक टिंब माझं आहे, हे मात्र मला नाकारता येत नाही.

म्हणून हे पत्र. मी साहेबांच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे. आधी माझं खोटं आणि रोलरचं, मग तुझं नाव. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी अकरा वाजता तो देणार आहे. गॅरेज राहील का, माझी नोकरी राहील का, सांगता येत नाही. तू आला नाहीस तरी देणार. पण तू यावंस, आपण दोघांनी जाऊन सांगावं, असं फार वाटतं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळच्या बसनं ये. येताना रॉड आण आणि बाबांची काळी काच आण. माझ्या ओळखीच्या एका दुकानात मशीन मिळेल. आधी सरजाबाईची शेगडी जोडू. काच मी धरीन. शेवटची दोन टिंबं तू दे, मग शेगडी घेऊन तिच्याकडं जाऊ. ती शिव्या देईल. दोघंही ऐकून घेऊ.

वाट बघणारी,
तुझीच
माया अक्का