बनूचा दगड

१२ जून १९७२

स्वस्ति श्री शब्दरूपावलीधुरंधर, शालेयबालवृंदनिद्राप्रदायक, अखंडब्रह्मचर्यव्रतधारक (अनिच्छेने), पलूसपंचक्रोशीतील एकमेवाद्वितीय संस्कृताध्यापक, राजमान्य राजश्री लालासाहेब मास्तर यांस आज ग्रामसमितीने फाट्यावरील स्मृतिशिलेचे लेखनकर्तृत्व बहाल केले. स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे पूर्ण होणार, म्हणून एस. टी. थांबते तिथे काळा दगड उभा राहणार. मानधन — एक कप चहा. तोही गार!

१५ जून

मजकूर सिद्ध. 'सन १९४३. या स्थळी पोलिसांचा पहारा असता धैर्यशालिनी कन्या बनू हिने भूमिगतांची पिस्तुले कडब्याच्या भाऱ्यातून पार नेली.'

खरा प्रसंग दगडात मावणारा नाही. पोलिसाने अडवल्यावर बनूने भारा खाली टाकला, कपाळ पुसले, आणि तो तपासणीस वाकणार तोच त्यालाच म्हणाली, 'वाकलायसा तर हात लावा की, डोईवर द्या.' सरकारी सेवकाने सरकारविरोधी शस्त्रे स्वहस्ते तिच्या मस्तकी ठेवली. मी समोरच्या उसात पालथा पडून पाहत होतो. तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अजूनही मधूनमधून त्याच उसात असतो.

१९ जून

संज्ञाप्रकरणी अनर्थ! समितीचे अध्यक्ष नानासो म्हणाले, बनू कोण? पोरगी पाटणला दिली, सासरच्यांनी तांदळात लिहून नाव ठेवले विजयमाला. लग्नानंतरचे तेच खरे. बनूचा सख्खा भाऊ जोतीराम, तोही मान डोलावतो. मी प्रतिपादन केले की भारा वाहण्याच्या क्रियेची कर्त्री बनू होय. विजयमाला तेव्हा उत्पन्नच झालेली नव्हती.

'मास्तर, तुमाला एवढं का लागलंय?' — नानासो.

समितीत हशा. मी चष्मा पुसला. ठरले ते असे की बाईंनाच विचारावे, आणि विचारायला मास्तरांनी जावे.

२२ जून

उद्या पाटण. धोतराला दोनदा इस्त्री. इतिहाससंशोधन हे असे कष्टसाध्य असते.

२३ जून

कोयनेकाठी कौलारू घर. यजमान पलटणीतून निवृत्त, शेतावर गेलेले. विजयमालाबाई ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. केस अर्धे पांढरे. चहा गरम होता.

मी उभय नामांची बाजू यथासांग मांडली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

'आवं मास्तर, बनू म्हननारं आता कोन ऱ्हायलंय? आई गेली तवाच त्ये नाव गेलं.' मग खडा वेचून बाहेर टाकत, 'तुमी तर तवाबी कवा म्हनला न्हाईसा.'

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष.

निघताना उंबऱ्यातून म्हणाल्या, 'बनूच लिवा. नाव तरी म्हायेराला ऱ्हाऊ दे.'

पाटण ते कराड एकही समास सुचला नाही.

१ ऑगस्ट

अर्जुना पाथरवट छिन्नी घेऊन बसला. नाव काय घालू, म्हणाला. मी म्हणालो, बनू. त्याला कमी ऐकू येते, पुन्हा म्हणालो. मग आणखी मोठ्याने. देव त्याचे भले करो.

१५ ऑगस्ट

अनावरण. भाषणे प्रदीर्घ. बाई आल्या नाहीत — तिकडे भातलावण. जोतीरामाकडून निरोप, दसऱ्याला म्हायेरी येते, तवा बघते.

२ सप्टेंबर

कंडक्टर फाट्याचे मूळ नाव विसरला. आज घंटी ओढून ओरडला, 'बनूचा दगड, उतरा!' मला उतरायचे नव्हते. उतरलो. हे बाईंना ऐकवायला हवे. दसरा अद्याप दूर आहे. पंचांग तीनदा पाहिले, तिथी पुढे सरकत नाही.

९ ऑक्टोबर

जोतीराम बहिणीच्या मातीला जाऊन आला. ताप, म्हणाला. तीन दिवसांचा.

नानासोंचे म्हणणे, आता नावाआधी 'कै.' हवेच. तिची ओळ दगडाच्या कडेपासून कडेपर्यंत भरलेली. अर्जुना म्हणतो, वरच्या ओळीआधी थोडी जागा हाय. ती ओळ 'पोलिसांचा'पासून सुरू होते; तिथे कोरले तर 'कै. पोलिसांचा पहारा' असे वाचावे लागेल. नवा दगड समिती देत नाही. मग 'कै.' घालायचे तरी कुठे?