काळूच्या काठावर मालन

मुलुंड (पूर्व)
२१ जानेवारी १९८६

प्रिय शुभा,

आशीर्वाद नेहमीचेच. रागावून गेलीस म्हणून त्यात काही कमी केलेलं नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझे बाबा वेळेवर ऑफिसला जातात, वेळेवर येतात, आणि जेवताना तुझ्या जागेकडे बघत नाहीत. म्हणजे बघायचं नाही असं ठरवून बघत नाहीत. मावशीला म्हणावं, खोकला अंगावर काढू नकोस. गोरेगावहून तुझी बँक जवळ, त्यामुळे तुला तिथे बरंच पडत असेल. इतकं बरं पडू देऊ नकोस.

खरं तर हे पत्र गेल्या आठवड्यातच लिहायचं होतं. बाबा म्हणाले होते, "तू लिही, तुझं ऐकेल ती." काय लिहायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. जयवंत चांगला मुलगा आहे, घर चांगलं आहे, त्यांच्याकडे प्रत्येक सुनेचं नाव लग्नात बदलतात, तुझं रेवती ठेवणार आहेत, रेवती काही वाईट नाव नाही, तर एवढ्यासाठी ठरलेलं लग्न मोडू नये. सगळं मला पाठ होतं. मी कागद घेऊन बसायची आणि कुकरची शिट्टी झाली की सुटल्यासारखी उठायची.

त्यातच प्रेमाचं ते शिबिर आलं. खालच्या मजल्यावरची प्रेमा ग, तिला असल्या गोष्टींची फार हौस. मुरबाडच्या पुढे काळू नदीच्या काठी बायकांचं शिबिर, तंबू नाही, स्टोव्ह नाही, कंदीलसुद्धा मोजकेच. नवख्या आणि मुरलेल्या दोन्ही चालतात. "मी आणि एक मैत्रीण" असं तिनं कळवून टाकलं आणि आदल्या दिवशी जिन्यात पाय मुरगळून घेतला. मी सुटले म्हणत होते, तर बाबाच म्हणाले, "जाऊन ये. डोकं शांत होईल. आल्यावर लिही शुभाला."

तर मी तुला समजवायची तयारी करायला नदीवर गेले, असं समज.

शुक्रवारी दुपारी पोचले. पुढारी म्हणजे सुगंधा, कुठल्याशा शाळेत पी. टी. शिकवते. पन्नाशीची असेल, पण चालते अशी की आपण धावावं. तिनं आधी आम्हा नवख्यांच्या पिशव्या वाळूत उलट्या केल्या. माझ्या पिशवीतून पोळपाट-लाटणं निघालं.

"हे कशाला?"

"पोळ्यांना."

"पोळ्या कोण खाणार?"

मागची एक म्हणाली, "अहो, नवऱ्याला घरी ठेवलंत आणि पोळपाट घेऊन आलात होय!" सगळ्या हसल्या. एकीची इस्त्री, एकीचा ट्रान्झिस्टर आणि माझं पोळपाट-लाटणं एका पोत्यात घालून सुगंधानं ते पोतं आंब्याला टांगलं. म्हणाली, "जाताना मिळेल. आता एकेकीनं नाव सांगा. फक्त स्वतःचं. आडनाव नको, अमक्याची आई, तमक्याची वहिनी इथे चालणार नाही. सगळ्यांनी सगळ्यांना अगं-तूगं करायचं."

माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "मालन."

शुभा, मी ठरवून नाही ग म्हटलं. मला जयंती म्हणायचं होतं. ती "फक्त स्वतःचं" म्हणाली आणि तोंडातून ते निघालं. तुला हे नाव माहीत तरी आहे का, मला आठवत नाही. माहेरी आजी मला बाय म्हणायची, मावशी ताई म्हणते. मालन मी फक्त शाळेत होते आणि लग्नपत्रिकेत होते. मग ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीनं जयंती लिहिलं, भटजींनी ते मोठ्यानं वाचलं, आणि संपलं. लगेच दुरुस्त करावं असं वाटलं मला, पण पुढची आपलं नाव सांगत होती. मग राहूनच गेलं.

एका मुरलेलीबरोबर एक नवखी अशा जोड्या लावल्या. माझी जोडीदारीण रुक्मिणी, साठीची, सलवार-कमीज घालून आलेली, कुठल्या तरी कंपनीत टायपिस्ट होती. तिनं मला दोन झाडांना दोर बांधून त्यावर ताडपत्री टाकायला शिकवलं. वाऱ्याची बाजू बुटकी ठेवायची, हे मला कधी सुचलं नसतं. पिण्याचं पाणी नदीतून थेट घ्यायचं नाही. पाण्यापासून थोडं मागे वाळूत खड्डा करायचा आणि गप्प बसायचं. आधी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं, मग हळूहळू असं निवळ पाणी झिरपतं की बघत राहावं. तेही उकळून घ्यायचं. तीन दगडांची चूल मला येते असा माझा समज होता. लहानपणी गावी बघितलेली होती ना. पण मी ओली लाकडं आणली आणि धुरानं सगळ्यांना रडवलं. पिठलं मात्र झकास झालं होतं. रुक्मिणी बोटं चाटत म्हणाली, "मालन, तू नोकरी करत नाहीस ते बरंय, नाहीतर हे आम्हाला कुठून मिळालं असतं?" हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

आता गंमत ऐक. मला हाका ऐकूच यायच्या नाहीत. "मालन, काटक्या आण!" मी शांत. "ए मालन!" मी आपली नदीकडे बघतेय. शनिवारी सकाळी रुक्मिणीनं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "तुला ऐकायला कमी येतं का ग? लाजू नकोस, माझ्या बहिणीलाही आहे." मी काय सांगणार? हो म्हटलं! मग काय, सगळ्या माझ्याशी ओरडून बोलायला लागल्या. सुगंधा माहिती सांगताना मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवायची.

हसलीस ना? मीही हसत होते. पण दुपारी पाण्यात पाय सोडून बसले तेव्हा नीट हसू येईना. खोटं नाव सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. हे माझं खरं नाव, आणि त्याला मी ओ देत नाही. मग कोण कुणाच्या नावानं इथे आलंय? तू त्या दिवशी चिडून विचारलंस, "आई, तुला काहीच वाटलं नव्हतं का ग?" आणि मी म्हटलं, "त्यात काय वाटायचं? नवी साडी नेसतात तसं नवं नाव." माझ्याच तोंडचं वाक्य, पण मला ते कुणीतरी शिकवल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला जयंती आवडत होतं. अजून आवडतं. म्हणून तर सगळा घोटाळा आहे.

मावशीला सांग, आंबोळ्यांचं पीठ पाठवते. प्रेमाचा पाय आता बरा आहे.

पुढचं लिहू की नको, असं कालपासून चाललंय. लिहिते.

रविवारी सकाळी तुझे बाबा शिबिरावर आले. शनिवारी संध्याकाळी जयवंतचे काका घरी आले होते. येत्या रविवारी ते सगळे येणार आहेत, हो की नाही ते तेव्हाच सांगा म्हणाले. हा निरोप घेऊन बाबांना घरात एकट्यानं बसवेना. तेव्हा माझा स्वेटर घेऊन पहिल्या एस. टी. नं निघाले. मी त्याच दुपारी परतणार होते, आणि हे स्वेटर घेऊन येताहेत!

मी नदीत होते. गुडघाभर पाण्यात, एका मोठ्या खडकाच्या आड, पातेलं घासत. आणखी काही जणी तिथेच कपडे पिळत होत्या. वर चुलीपाशी बाबांचा आवाज आला.

"जयंतीला जरा बोलावता का?"

"जयंती? इथे जयंती कुणी नाही," सुगंधा म्हणाली.

"नाही कसं? मुलुंडहून आली आहे."

"अहो, सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. जयंती नाही."

"शुक्रवारी घरून निघाली हो ती. इथेच यायला निघाली."

शुभा, मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर झालं असतं. मी मारली नाही. मला वाटलं, खरंच म्हणतेय ती, इथे जयंती नाही. मी पातेलं घासत राहिले. ते लखलखीत झालं होतं, तरी घासत राहिले.

मग बाबा काठावर आले. खडकाच्या कडेनं मला त्यांचं तोंड दिसलं. ते बायकांकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. पुढे डोह आहे, त्या बाजूला. स्वेटर छातीशी धरलेला होता. त्यांची आई गेली तेव्हाही मी त्यांचं असं तोंड पाहिलं नव्हतं. तरीही मी लगेच उठले नाही. का, ते विचारू नकोस. दोन दिवस मी स्वतःला तेच विचारतेय.

शेवटी त्यांनी हाक मारली. "अगं ए!"

आणि आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. सगळ्यांनी! कपडे पिळणाऱ्या, केस धुणाऱ्या, डोहाजवळची रुक्मिणीसुद्धा, आणि तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झालीत. मीही वळले, पहिल्या हाकेला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि हसण्याची लाटच आली. "कुणाचे ग हे?" "माझे नव्हेत बाई!" बाबा बिचारे लाल झाले. मी खोचलेला पदर सोडून पाण्यातून वर आले. रुक्मिणी ओरडली, "मालन, तुझे का? आणि तुला बरं ऐकू आलं!"

येताना एस. टी. त बाबांनी स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. मुरबाड गेल्यावर म्हणाले, "मालन हे काय काढलंस? कुणाचं नाव?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. विसरले होते ग ते.

"माझं," मी म्हटलं.

कल्याण येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "जयंती मी किती दिवस विचार करून काढलं होतं. तुला आवडलं नव्हतं का?" मी म्हटलं, "आवडलं होतं." तेही खरं आणि नदीतलंही खरं. मला ह्या दोन्हींची मोट बांधता येत नाही.

आज सकाळी बूट घालताना त्यांनी विचारलं, "लिहिलंस का तिला?" मी म्हटलं, "लिहितेय." दारापर्यंत गेले, परत आले, आणि उगाचच इकडेतिकडे बघत म्हणाले, "येतो, मालन." मला इतकं विचित्र वाटलं! परक्या पुरुषानं ओळख काढावी तसं. मी म्हटलं, "नको हो. जयंतीच म्हणा." तेही सुटल्यासारखे हसले आणि गेले. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांच्यामुळे नाही. आता ते नाव परत मिळालं तरी मला ते नेसता येणार नाही, म्हणून.

तेव्हा बाबांनी सांगितलेलं पत्र माझ्याच्यानं लिहवत नाही. जयवंत मला आवडतो. लग्न मोडलं तर मला फार वाईट वाटेल, लोक बोलतील, बाबा महिनाभर घरात घुमे बसतील, आणि कदाचित तूही मला दोष देशील. हे सगळं मला दिसतंय आणि भीतीही वाटतेय. पण माझं गेलं ते गेलं. तुझं अजून तुझ्याजवळ आहे.

रविवारी ये. आतल्या खोलीत बस, पोहे मी करीन. ते सगळे बसले की बाहेरून मी तुला हाक मारीन, शुभा म्हणून, चांगली मोठ्यानं. आणि जयवंतलाही सांगीन, तूही शुभा म्हणूनच हाक मार. त्याला काय जमतं ते त्याच्या आईसमोरच कळेल, आणि आपल्यालाही.

तू फक्त ओ दे.

तुझी
आई