पाहुण्यांपुढे रडगाणं नको

८ एप्रिल, मंगळवार. सकाळ.
पहिली आली ती शेजारची खमीसा. आमचा म्होरक्या शेख झकारिया मागून. तोवर खमीसाने सगळं ओकून टाकलं होतं, त्याला सांगायला काही उरलंच नाही. युनिव्हर्सिटीतले दोघे येणार आहेत. लढाईमुळे सुदानातून पळून आलेली माणसं या छावणीत कशी राहतात, काय खातात, ते विचारत झोपड्यांच्या ओळीओळीने फिरतायत. उद्या आमची ओळ. बैठक माझ्या झोपडीपुढे. खमीसा म्हणते, झाडाची सावली तुझ्या दारात पडते म्हणून फक्त. असू दे.
शेख म्हणाला, धान्य कमी आलंय, ज्यांचे हाल जास्त त्यांना आधी मिळणार. तेव्हा जे नाही ते नाही म्हणून सांगा, लाजू नका. बोलताना माझ्याकडेच बघत होता. ओळीत बोलणारी मी एकटीच ना.
साक्षरता वर्गातली बाई म्हणते, रोज लिहा, हात वळेल. तर आजचा संकल्प: उद्या कमी बोलायचं.

९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.
बैठक अशी झाली की बास. चटई खमीसाची, काचेचे ग्लास पलीकडच्या ओळीतले, कोंबडी पण खमीसाचीच. एकुलती एक होती, देत नव्हती. म्हटलं, उसनी दे.
सून मस्तूरा सकाळपासून कानाशी. सगळ्यांसारखी तीही मला हबोबा, म्हणजे आजी म्हणते. हबोबा, त्यांना सांगा ना, मला दूध येत नाही, बाळ उपाशी रडतं. म्हटलं, अगं, पाहुणा ताटावर बसलाय आणि त्याच्यापुढे हे काढू? आम्ही काय भिकारी? माझ्या आईच्या घरात पिठाचं मडकं खडखडलं तरी पाहुण्याच्या कानावर जात नसे.
पोरगी उंच, उन्हाने लाल झालेली, हेलेन नाव. बरोबर दुभाषा सनूसी, राजधानीचा, बूट चकाचक. दिवसातून किती वेळा जेवता? म्हटलं, भूक लागेल तेव्हा. मांस कधी? म्हटलं, हे काय पातेल्यात. मुलगा कुठे? म्हटलं, लिबियात. पैसे पाठवतो? म्हटलं, भरभरून. आता तिजानी वाळवंटात शिरल्यापासून त्याचा काही पत्ता नाही, पण पाठवेलच की. आईला विसरणारा नाही तो. खमीसा मधेच तोंड उघडायला लागली, मी तिच्या पायावर पाय दिला. हेलेन भराभर लिहीत होती. इतकं कुणाचंच लिहून घेतलं नसेल.
जेवले मात्र नाहीत. नियम आहे म्हणे. लाजतात बिचारी. एकवीस मेला परत येणार. कोंबडी आम्हीच संपवली. खमीसा घास घेईना, डोळे पुसत होती. कांदा तिनेच चिरला होता.

१२ एप्रिल, शनिवार.
ओळीत कुणी बोलत नाही माझ्याशी. हेवा. खमीसा कोंबडी मागते. म्हटलं, पिल्लं झाली की देईन. म्हणाली, कोंबडीच नाही तर अंडी काय दगड घालणार? हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

३ मे, शनिवार.
आज धान्यवाटप. आमच्या ओळीला नाही. शेखने येऊन सांगितलं, त्या पाहुण्यांच्या अभ्यासात आमची ओळ स्वावलंबी निघाली. अख्ख्या छावणीत एकटीच. तो शब्द मी त्याला पुन्हा म्हणायला लावला. मस्तूरा मटकन खाली बसली. ऊन फार आहे सध्या.
खमीसा म्हणाली, बाई, तुझ्या मानपानापायी आमची पोरं उपाशी मरतील. शेख म्हणाला, छावणीच्या ऑफिसात जा आणि खोटं बोलले म्हणून सांग. खोटं कसलं? थोडं सावरून सांगितलं इतकंच. पण जाईन. संकल्प: सोमवारी एका दमात सगळं बोलून टाकायचं.

५ मे, सोमवार.
गेले. फाटकातच सनूसी भेटला. म्हणाला, हबोबा, कशा आहात? म्हटलं, छान, देवाची कृपा, काही कमी नाही. कुणी कसे आहात विचारल्यावर दुसरं काय म्हणतात? आणि असं म्हटल्यावर लगेच, धान्य नाही हो, असं कसं म्हणायचं? परत आले. चालणं झालं, गुडघ्यांना बरं.

१४ मे, बुधवार.
मस्तूरा ओळीतल्या बायकांबरोबर सरहद्दीपलीकडे गेली. आमच्या जुन्या गावात धान्याचं पेव पुरलेलं आहे, ते उकरून आणणार. तिकडे अजून गोळ्या चालतात म्हणे. लोक काहीही म्हणतात. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, मला एक शब्द बोलली नाही. मिजास.

१९ मे, सोमवार.
बायका आल्या. पेव आधीच कुणीतरी उपसलेलं. मस्तूराला वाटेतल्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी ठेवून घेतलं. स्वयंपाकाला असेल. हात चांगला आहे तिचा. येईल.
खमीसाने बाळासाठी ओंजळभर ज्वारीचं पीठ आणलं. कुठून, ते सांगितलं नाही. दारात ठेवलं आणि गेली. मनातून मानते मला.
संकल्प, आणि हा पक्का: परवा पाहुण्यांना सगळं सांगणार. पाठच केलंय. धान्य बंद झालंय. सून परतली नाही. बाळाच्या पोटात काही नाही.

२१ मे, बुधवार.
आले. शब्दाची पक्की माणसं. कोरडं कसं बसवायचं, म्हणून त्या पिठाची घट्ट असीदा घोटली. या वेळी जेवले. नियम बदलला म्हणे. हेलेनने पातेलं बोटाने पुसून खाल्लं. म्हणाली, अशी असीदा अख्ख्या छावणीत खाल्ली नाही. एवढं कौतुक झाल्यावर पाठ केलेलं कुठून बाहेर येणार?
बाळ रडत होतं. म्हटलं, दात येतायत. सून कुठे, विचारलं. म्हटलं, पलीकडे गेलीय, आमचंच धान्य आणायला, तिकडे उदंड आहे. लिहून घेतलं. खमीसाने बाळ माझ्याकडून ओढून घेतलं आणि आपल्या झोपडीत गेली. पाहुण्यांना सलामसुद्धा नाही.
पुन्हा येतो म्हणालेत. दहा सप्टेंबर, बुधवार.