अंगणातल्या पांढऱ्या सांधी

घोलवड, ८ जानेवारी २०२५

ती. निर्मलाताईस,
कल्पिताचा सा. न.

चिठ्ठी पाहून दचकू नकोस. पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यापासून माझा फोन बुकिंगचा झालाय आणि तो सासूबाईंकडे असतो. तुझा फोन आला की स्पीकर लावून त्या समोरच बसतात. म्हणून सुकी मासळी विकणाऱ्या हिराबाईंच्या टोपलीतून हे पाठवतेय. बोंबलाचा वास आला तर माफ कर.

दिवाळीत अंगणात नवी फरशी बसवली. फोटोत उठून दिसतील म्हणून सासूबाईंनी तिच्या सांधी पांढऱ्या भरून घेतल्या. वर चिकूचं झाड! चिकू पायाखाली आला की डाग, पाहुणे वाडीत फिरून आले की माती. रोज गुडघ्यांवर बसून घासते. नर्सरीतलं कलमं बांधायचं काम सुटलं ते त्यातच. मालक जतीनभाई फेब्रुवारीपर्यंत जागा ठेवणार आहेत. गडद रंग भरू या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या की गडद रंगात घाण लपते, आपल्याला लपवायचंय काय? दिपेश म्हणतो, आईला आवडतं तर राहू दे.

एका स्टेशनाचं अंतर, पण आठ महिने डहाणूला आले नाही. लग्न मीच ठरवलेलं, तक्रार कुणाकडे करू?

तुझी,
कल्पिता


डहाणू, १५ जानेवारी २०२५

चि. कल्पितास,
अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे, एकटीने खा.

फरशीच्या सांधींवरून रडणारी तू पहिलीच, म्हणून आधी हसले. मग हिराबाईंनी सांगितलं की पायरी उतरताना तू भिंत धरलीस. एकोणतीस वर्षांची आहेस गं. हसू तिथेच गेलं.

तुमची फरशी बसवणारा लाहू गवंडी मला बाजारात भेटला. जुनं खरवडून दुसरा रंग भरता येतो म्हणाला. मात्र तीन दिवस त्यावर पाय नाही, पाणी नाही. म्हणजे पाहुणेही नाहीत. कळलं का वेडे? आणि लग्न स्वतः ठरवलं म्हणून दुखलेलं सांगायचं नाही, असं या घरात कुणी म्हटलेलं नाही. आई रोज तुझं नाव काढते.

तुझी,
निर्मलाताई


घोलवड, ३० जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न.

झालं! एका पाहुणीने लिहिलं की अंगण कळकट दिसतं. माझ्या तीन महिन्यांच्या बोलण्याने जे झालं नाही, ते तिच्या एका ओळीने झालं. लाहू मंगळवारी येतोय. चिकूच्या सालीसारखा तपकिरी रंग मी स्वतः निवडला, सासूबाईही हो म्हणाल्या. मंगळवार ते गुरुवार मी डहाणूला. आईला सांग, तीन दिवस मला उठवायचं नाही.

कल्पिता


घोलवड, ११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न.

तुमच्याकडून परतले, फाटक उघडलं, तर अंगण पांढरंशुभ्र. सासूबाईंनी लाहूला ऐन वेळी रंग बदलायला लावला. मला म्हणाल्या, हा भारीतला आहे, पिवळा पडत नाही, तुझेच कष्ट वाचतील. आणि ताई, त्या खरंच मायेने म्हणाल्या. भांडू कशी? दिपेशला विचारलं, तर त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं. माहेरचे तीन दिवस खराब होऊ नयेत म्हणून सांगितलं नाही म्हणे. इथे कुणी माझ्याशी वाईट वागत नाही, म्हणूनच निघायला वाट सापडत नाही.

काल सोमवारी चहा ठेवला आणि कुणाला न विचारता नर्सरीत गेले. हात अडखळले, तरी वीस कलमं बांधली. संध्याकाळी आले, तर सासूबाई अंगणात गुडघ्यांवर बसून सांधी घासत होत्या. माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. साठी उलटलेली बाई गं. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले होते. तशीच आत गेले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. शेवटची भाकरी होईपर्यंत बाहेरचा ब्रशचा आवाज थांबला नाही. दिपेश ओटीवर बसून होता. त्यालाही तो ऐकू येत असणार.

हे नर्सरीतूनच लिहितेय. आज आले. उद्या येईन का, ते विचारू नकोस. तुझी माया मात्र आहे तशीच राहू दे.

तुझी,
कल्पिता