तारखेप्रमाणे लावलेले फोटो

मी, खाली सही करणारी, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेली विधवा बाई, पूर्ण भानावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते. ‘गोड बोलण्याने’ हे शब्द वकिलांच्या मसुद्यात नव्हते, ते मी घालून घेतले. गेल्या वर्षी माझे खुब्याचे हाड मोडले होते, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या एकुलत्या एक लेकीच्या नावे सर्व काही करून ठेवलेले आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

१. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या पश्चात माझ्या नणंदेस मिळावे. हे घर मी आणि यजमानांनी दोघांच्या पगारातून घेतले असून त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. घर कोणाला द्यायचे याचे कारण लिहिण्याची कायद्याने गरज नाही, असे वकील म्हणाले. मला ते लिहायचे आहे.

यजमान गेल्यावर त्यांचा कम्प्युटर झाकून ठेवला होता. लेकीनेच तो उघडला आणि मला शिकवले. “आई, वायर लावायची, विचारलं की इम्पोर्ट म्हणायचं. सगळं आपोआप आत येतं आणि तारखेप्रमाणे लागतं.” मला ते काम फार मानवले. जन्मभर फिल्मवर पेशंटचे नाव, तारीख आणि डावा की उजवा हे लिहीत आले होते. यजमानांच्या कॅमेऱ्याची जुनी कार्डे मी एकेक करून आत घेतली. वर्षांचे फोल्डर केले, त्यांत प्रसंगांचे केले. एकाच क्षणाचे चार फोटो असले की डोळे मिटलेले काढून टाकायचे. जे कोण ओळखू येत नाहीत त्यांचा वेगळा फोल्डर, त्याचे नाव ‘हे कोण?’ लेक आली की आम्ही दोघी तो उघडून हसत बसायचो.

बाथरूममध्ये घसरून मी हॉस्पिटलात पडून होते, तेव्हा लेक रोज सकाळी येई. केस विंचरून देई, पेज भरवी. त्या वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मीही मान डोलवत असे.

घरी आल्यावर ती काही दिवस माझ्याकडे राहिली. एका दुपारी म्हणाली, “फोन भरलाय माझा. फोटो तुझ्याकडे काढून घे ना,” आणि केस धुवायला गेली. मी वायर लावली. फोटो आत येऊन रांगेने लागू लागले. आधी मी, हॉस्पिटलच्या पलंगावर, तोंडाशी चमचा. लगेच पुढे, त्याच तारखेला, माझी बैठकीची खोली. मग स्वयंपाकघर, गॅलरी. गॅलरीत एक अनोळखी गृहस्थ उभे, हातात मोजायच्या टेपचे एक टोक. दुसरे टोक जावयांच्या हातात. पुन्हा हॉस्पिटल, मी हसते आहे. आणि त्यापुढे कुठल्याशा वृद्धाश्रमाची खोली. लोखंडी खाट, भिंतीला धरायचा दांडा, उंचावर खिडकी. खाटेवर कोणी नव्हते. ती कोणासाठी आहे हे कळायला मला फोल्डरचे नाव लागले नाही.

त्यांत एक फोटो बिघडलेला होता. माझ्या झोपायच्या खोलीचे दार, आणि कॅमेऱ्यासमोर आडवा धरलेला एक पंजा. करंगळी मधल्या पेरात बाहेर वळलेली. ती करंगळी मी ओळखली. दारात चेमटली तेव्हा तिचा एक्स-रे मीच काढला होता. ती माझ्या नणंदेची.

लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि पडद्याकडे पाहून थांबली.

“आई, तुझ्याच सोयीचं बघत होतो आम्ही. एकटी कशी राहणार तू?”

“मग मला दाखवलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारायचं असतं.”

“नुसता अंदाज घेत होतो. कुठे विकलं होतं लगेच?”

मी म्हटले, “चमचा धुऊन ठेवलास आणि थेट इकडे आलीस का ग?” त्यावर ती रडली. मला रडू आले नाही. ते अजून आलेले नाही.

नणंदेबद्दल लिहिते. यजमानांच्या छातीतली गाठ उशिरा कळली, तेव्हा सर्वांसमोर ती मला म्हणाली होती, “दिवसभर लोकांच्या छातीचे फोटो काढतेस, आणि स्वतःच्या नवऱ्याचं कळलं नाही?” त्यानंतर आमच्यात कामापुरतेही बोलणे उरले नाही. भावाने दिलेली घराची किल्ली मी तिच्याकडे दोनदा परत मागितली, तिने दिली नाही. मी हॉस्पिटलात असताना त्याच किल्लीने ती घर बघायला आली आणि ही माणसे तिला घरात सापडली.

मी फोन करून विचारले, “वन्सं, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

ती म्हणाली, “तुझी लेक आहे ती. मी सांगितलं असतं तर तू मलाच खोटं पाडलं असतंस.”

खरे होते. ती पुढे म्हणाली, “बाकीच्या खोल्यांचे काढून झाले होते. तुझ्या कपाटाचे मी काढू दिले नाहीत.”

माफी तिने मागितली नाही, मीही नाही. दर आठवड्याला येते, चहा पिते, माझ्या चहाला नावे ठेवते. घर तिचे. पुढे तिने ते कोणाला द्यावे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

२. बँकेतील शिल्लक व माझे दागिने लेकीस मिळावेत. ते तिच्यासाठीच साठवले होते. राग आला म्हणून ते दुसऱ्याला देणे मला जमले नाही.

३. जावयांना मोजायची टेप. फोटोत दिसते ती माझ्या यजमानांचीच, आमच्या खणातली. त्यांनी ती अजून परत केलेली नाही, तेव्हा नुसती ठेवून घ्यावी.

४. कम्प्युटर व त्यातील सर्व फोटो लेकीस द्यावेत. मी एकही काढून टाकलेला नाही. तिच्या बारशापासूनचे सर्व आहेत आणि ते दिवसही आहेत, तारखेप्रमाणे जिथे लागले तिथेच. त्यांचा वेगळा फोल्डर करण्याचा विचार होता. नाव सुचले नाही.

५. शेवटच्या दुखण्यात लेक आली तर तिला दारातून परत पाठवू नये. माझ्याजवळ हवा तेवढा वेळ बसू द्यावे. फक्त तिचा फोन बाहेरच्या खोलीत ठेवून घ्यावा. मरणाआधीच्या गोष्टी मृत्युपत्रात बसत नाहीत, असे वकिलांनी दोनदा सांगितले. मी म्हटले, असू द्या.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही चष्मा लावून वाचला, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यात आहे तीच

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
(सही) खुब्याचे ऑपरेशन केलेले डॉक्टर
(सही) तळमजल्यावरील किल्लीवाले, ज्यांनी माझ्या सांगण्यावरून दाराचे कुलूप बदलले आणि नव्या किल्ल्या दोनच केल्या